टॅग आत खोचून

नव्या साडीची मला भीती वाटते. हे सांगितलं की लोक हसतात. बाईमाणूस आणि साडीला भिते, असं कुठं असतं का? असतं. कुणी नवी साडी हातात दिली की मी आधी ती खिडकीपाशी नेते, पदर उलगडते, खांद्यावर येतो तेवढा भाग उजेडासमोर धरते आणि पिनेची भोकं शोधते. मग वास घेते. आईला याचा भयंकर राग येतो. देणाऱ्याच्या तोंडावर असं करू नये हे मलाही कळतं, पण हात थांबत नाहीत.

हे खूळ मला लागलं ते नोकरीच्या पहिल्या वर्षी, नवरात्रात. देवगाव रंगारीहून मी शहरात आले होते आणि चिकलठाण्याच्या एका ऑफिसात फोनवर बसत होते. मोबाइलवरून कपडे विकणाऱ्या एका कंपनीचं ते ऑफिस. कपडा लहान निघाला, रंग वेगळा आला, शिवण उसवली, की गिऱ्हाईक फोन करायचं आणि मराठीतून केला की तो आमच्या कानात यायचा. समोरच्या पडद्यावर काय बोलायचं ते लिहिलेलं असायचं. त्यातलं एक वाक्य मी इतक्यांदा बोलले असेन की झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं: "मॅडम, टॅग काढलेली किंवा वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही."

हाच नियम आम्हा कामावरच्या मुलींना जास्त कडक होता. आमच्यापैकी कुणी कपडा वापरून परत करताना सापडली तर तिला त्याच दिवशी घरी पाठवत. माझ्या आधीच्या तुकडीतल्या दोघी अशाच गेल्या, असं पहिल्याच आठवड्यात आम्हाला ऐकवलं होतं. आणि मी तर अजून कच्चीच होते. पक्कं करायचं की नाही ते दिवाळीच्या तोंडावर कळणार होतं, आणि ते ठरवणार होत्या आमच्या सुपरवायझर मॅडम.

घरून निघताना वडील फार बोलले नव्हते. एसटीत बॅग वर ठेवून खाली उतरले आणि खिडकीतून म्हणाले, "पक्की झाली तर ऱ्हा. नाय झाली तर दिवाळीला सामान घेऊनच ये." सामान घेऊन गेले की पुढं काय, ते मला ठाऊक होतं. स्थळ बघून ठेवलेलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला शहर सोडायचं नव्हतं. सकाळी डबा घेऊन रिक्षात बसताना जे वाटायचं ते मला कशासाठीही सोडायचं नव्हतं.

राहायला मुकुंदवाडीत आत्याकडं होते. आत्या घरीच फॉल-पिको करायची. दारावर पाटी होती आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या साड्यांना तिच्या हातचा फॉल असायचा. टाका असा घालायची की उजव्या बाजूनं शोधूनही सापडू नये. मिस्टर कंपनीत पाळीवर, मुलं नाहीत. माझ्यावर तिचा जीव होता आणि करडी नजरही होती.

आमच्या गावात नवरात्र म्हणजे घट, उपास आणि अनवाणी पाय. ऑफिसात नवरात्र म्हणजे रंग. नऊ दिवसांच्या रंगांची यादी ग्रुपवर आधीच आली होती, आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण यायची, उद्या अमुक रंग. सकाळच्या चहाच्या सुट्टीत सगळ्या जिन्यावर उभ्या राहायच्या, पायरीपायरीवर एकच रंग. फोटो निघाला की चहा संपायच्या आत तो सगळ्यांच्या स्टेटसला. सुपरवायझर मॅडमही मधल्या पायरीवर असायच्या, त्याही त्याच रंगात.

पहिल्या दिवशी माझ्याकडं तो रंग होता. दुसऱ्या दिवशी आत्याची साडी नेसून वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं. मी माझ्या रोजच्या ड्रेसमध्ये जिन्याजवळ गेले तर एकीनं हसून तिचा फोन माझ्या हातात दिला. "तू काढ ना गं फोटो, तू छान काढतेस." मी काढला. मग दुसरीच्या फोनवर काढला, तिसरीच्या फोनवर काढला. कुणी टोमणा मारला असता तर मी दोन टोमणे परत मारले असते, गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. पण कुणी काही बोललंच नाही. सगळ्या गोड वागत होत्या आणि मी फोटोत नव्हते. मॅडम फोटो बघून म्हणाल्या, सगळ्याच आल्यात ना? आणि सगळ्या हो म्हणाल्या.

ते मला लागलं. लागलं म्हणण्यापेक्षा मी घाबरले. या बाईला माझा चेहराच माहीत नसेल तर ती मला पक्कं कशी करणार? आज हा विचार हास्यास्पद वाटतो. त्या दिवशी हेडफोन कानाला लावून बसले तेव्हा मला दुसरं काही सुचत नव्हतं.

घरी जाताना रिक्षा मुकुंदवाडीच्या सिग्नलला थांबली आणि मी फोन उघडला. पुढं एका दिवशी मोरपंखी होता. आमच्याच कंपनीचं दुकान, त्यात मोरपंखी साडी, बारीक चंदेरी बुट्ट्यांची. खाली लाल अक्षरांत, फक्त दोन शिल्लक. ती लाल अक्षरं मी दिवसभर बघायचे, लोक त्यांना भुलतात हे मला रोज कानानं ऐकू यायचं. तरी दोनपैकी एक कुणीतरी आत्ता नेणार, या धास्तीनं माझा अंगठा गेला. सिग्नल सुटला तेव्हा साडी घेऊन झाली होती. पैसे होते ते महिन्याला आत्याच्या हातावर ठेवायचे. तिला मी सांगितलं, पगार लांबलाय. ती म्हणाली, येईल तेव्हा दे.

यातून सुटायचा रस्ता ऑफिसातल्याच एकीनं बाथरूममध्ये सांगितला, भाजीची कृती सांगावी तसा. टॅग कापायचा नाही. निऱ्यांच्या बाजूला आत खोचायचा. जपून बसायचं, जपून खायचं. घरी आलं की साडी वाऱ्यावर टाकायची, हलकी इस्त्री, मूळ घडी, आणि परत. "सगळ्याच करतात गं," ती म्हणाली. मला आधीच्या दोघी आठवल्या, पण मी मान डोलावली.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर रोशन गेटकडची एक मुलगी बसायची. माझी ऑफिसातली खरी मैत्रीण तीच. तिनं रंगांवर आपला तोडगा काढला होता. ड्रेस रोज तोच काळा, ओढणी तेवढी बदलायची, त्यातल्याही निम्म्या बहिणीच्या. फोटोत ती ठसक्यात उभी राहायची. मी माझा बेत तिच्या कानात सांगितला तर म्हणाली, "नक्को कर गे. डर डर के पैने सो कपडे में क्या मजा?" मी ऐकलं नाही.

मोरपंखीच्या दिवशी साडी पिशवीतून नेली आणि बाथरूममध्ये नेसले. तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. टॅग कंबरेला टोचत होता आणि दर टोचणीला मला आधीच्या दोघी आठवत होत्या. चहाचा कप दोन हातांनी धरून मान पुढं काढून प्यायले. डबा उघडलाच नाही, वरणाचा एक शिंतोडा माझी नोकरी घेऊन गेला असता. खांद्याची पिन दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. जिन्यावर मात्र मी मधल्या पायरीवर होते. मॅडमनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, खुलून दिसतोय तुला हा रंग. फोटोत मी हसतेय. माझी मान ताठ आहे ती रुबाबानं नाही, भीतीनं.

जागेवर आले तर शेजारणीनं पर्समधून बारकी कुपी काढली. तिचे वडील अत्तर विकायचे. माझा पडलेला चेहरा तिला बघवत नव्हता. मी नको म्हणेपर्यंत तिनं माझ्या मनगटाला आणि पदराला बोट लावलं. वास सुंदर होता. मी पदर रुमालानं पुसायला लागले.

संध्याकाळी आत्या कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला गेली होती. मी साडी गच्चीवर तारेला टाकली आणि शेजारी उभी राहिले. वारा होता, वास जात नव्हता. नाक लावून लावून मला शेवटी कळेनासं झालं की वास साडीला येतोय की माझ्या मनगटाला. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली, आत्या पुन्हा देवळात गेल्यावर साडी न्यायला आलेल्या माणसासमोर उभी राहिले. त्यानं टॅग बघितला, घडी उलटीपालटी केली, पिशवीत घातली आणि गेला. मी तिथंच जिन्यात बसले. पुन्हा म्हणून हे करणार नाही, असं मी स्वतःला बजावलं.

आणि मग परत आलेल्या त्याच पैशांत राखाडी मागवली. याला काय म्हणायचं ते म्हणा. एकदा मधल्या पायरीवर उभं राहिल्यावर पुन्हा फोन हातात घेऊन खाली उभं राहवेना.

या खेपेला मी जरा शेफारले होते. घरूनच नेसून गेले आणि नेसूनच आले. आत्यानं संध्याकाळी खालपासून वरपर्यंत बघितलं, नवी का, एवढंच विचारलं आणि कुकरकडं वळली. साडी आतल्या खोलीत दोरीवर टाकून मी झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता.

त्या संध्याकाळी ऑफिसातून आले तर आत्या पुढच्या खोलीत चटईवर बसलेली आणि राखाडी साडी तिच्या मांडीवर. फॉल लावून झाला होता. ती शेवटचा दोरा दातानं तोडत होती.

"तशीच नेसून गेलीस व्हय गं, बिना फॉलची?" ती म्हणाली. "बायका काय म्हनतील, भाची घरात अन् आत्यानं फॉल लावला नाय. अन् ते लेबल तसंच आत. दिवसभर टोचलं असंल की."

टॅग कात्रीजवळ पडला होता. आत्यानं पदराचा कोपरा माझ्यासमोर धरला. त्यावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. आमच्याकडं नवा कपडा असा लावल्याशिवाय अंगाला लागत नाही. मी विसरले म्हणून तिनं लावलं होतं, देवापुढं ठेवून आणलं होतं. आमच्यावर काही येऊ नये म्हणून.

मी बरं म्हणाले, साडी उचलली आणि आत गेले. तेवढ्यात फोन वाजला. न्यायला आलेला माणूस पाण्याच्या टाकीपाशी उभा होता, गल्ली विचारत होता. मी म्हटलं, थांबा जरा. दार लोटून मी ब्लेड घेतलं आणि फॉल उसवायला बसले. टाके इतके बारीक की दिसेनात. कुंकवावर ओला टॉवेल घासला तर ते पसरलं. फोन पुन्हा वाजत होता. माझ्या डोक्यात फक्त एसटी, बॅग आणि खिडकीतले वडील होते. टॅग पुन्हा कसा लावायचा याचा विचारही मी करत होते, इतकी माझी अक्कल गेली होती.

दार उघडलं. आत्या उभी होती. उसवलेला फॉल माझ्या मांडीवर लोंबत होता. ती ओरडेल असं वाटलं, आणि मी तिचा चेहरा बघितला तर ती घाबरली होती. माझ्यापेक्षा जास्त.

"तिरका लागला का?" तिनं अगदी हळू विचारलं. "खरं सांग. मला हल्ली सुई ओवाया जमत नाय पटकन. बायकांनला कळू नये म्हनून मी चाचपून घालते टाका. तू कुनाला सांगू नको हां."

तिला वाटलं होतं, तिचं काम बिघडलं म्हणून मी उसवतेय. माझ्या तोंडून खरं निघालं नाही. मी म्हणाले, नाही आत्या, सरळ आहे, मीच वेडी. बाहेर जाऊन फोनवर त्या माणसाला परत जा म्हणून सांगितलं. आत आले तर ती दिव्याखाली बसून उसवलेलं पुन्हा घालत होती, साडी डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. तिच्याच पैशानं आणलेल्या साडीला ती फुकट फॉल लावत होती आणि मी समोर बसून तिला सुई ओवून देत होते. मला रडू आलं. तिला वाटलं, कौतुकानं आलं.

दसरा झाला. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. राखाडी साडी पेटीत गेली, आत्याचे पैसे पुढच्या पगारातून दिले, आणि पक्कं केल्याच्या पत्राची वाट बघत बसले.

दिवाळी जवळ आली तेव्हा एका दुपारी सोयगावकडून फोन आला. बाई वयस्क होती, फोनवर बोलायची सवय नसलेली, फार मोठ्यानं बोलत होती.

"बाई, ही साडी कुनाच्या तरी अंगावरची हाय."

मी पडद्यावरचं वाचलं. मॅडम, टॅग काढलेला आहे का?

"काढला की. हळदकुकू लावलं, देवापुढं ठिवली. लेकीला नेसवाया उलगडली तं वास आला, अत्तराचा. खांद्याला भोकं हायती पिनंची."

तोवर साडीचं चित्र पडद्यावर आलं होतं. मोरपंखी. बारीक चंदेरी बुट्ट्या. अशा साड्या कितीतरी असतात, हे मी स्वतःला सांगून बघितलं. शेजारणीनं माझ्याकडं वळून बघितलं, तिच्या ओढणीला तोच वास होता.

मी ते नेहमीचं वाक्य बोलले. वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही, मॅडम.

"पैशाचं नाय वो म्हनत मी," बाई म्हणाली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "लेकीला दिवस गेल्यात. पयल्यांदाच. तिनं अंगाला लावली ती साडी. आमच्याकडं अत्तर मयताला लावत्यात. एकडाव नेसलेली साडी कोन कशाला देऊन टाकंल? कुना गेलेल्या बाईच्या अंगावरची तं नाय ना? तेवढं बघून सांगा. पोरगी सकाळधरनं रडती, पोटावरचा हात काढंना."

पुढचं आधीच सांगून टाकते. आमचे सगळे फोन रेकॉर्ड व्हायचे. त्यातले काही मॅडम ऐकायच्या, कुठले ते कुणाला कळायचं नाही. दिवाळीपर्यंत मी रोज त्यांच्या केबिनच्या दाराकडं बघत होते. पत्र बाकीच्यांबरोबर मलाही मिळालं. त्यांनी तो फोन ऐकलाच नाही, की ऐकून सोडून दिला, ते मला आजतागायत माहीत नाही, आणि विचारायची छाती नाही. आजही केबिनमधून हाक आली की माझा हात कंबरेला जातो, टॅग टोचायचा तिथं.

पण त्या दुपारी हे काही मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की पडद्याच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका आहे, आणि त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक आहे.

"मावशी," मी म्हणाले, "ती बाई जिवंत आहे. धडधाकट आहे. तिच्या घरी काही झालेलं नाही."

"तुमाला काय म्हाईत?"

"ती साडी मीच नेसले होते. एक दिवस. अत्तर माझ्या मैत्रिणीनं लावलं."

मग फोन बाजूला धरून ती लेकीला सांगताना ऐकू आली, की जिती हाय, बोलतीय, पोरगीच हाय कुनी. कुणाचातरी हुंदका फुटला आणि थांबला. ती पुन्हा फोनवर आली.

"मंग परत का केलीस गं? काय झालं व्हतं?"

मी म्हणाले, "काही नाही, मावशी. फोटोपुरती हवी होती."

शिव्या देईल म्हणून मी डोळे मिटून बसले होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. "फोटू चांगला आला का मंग?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मी हो म्हणाले, आणि साडी परत घ्यायची नोंद केली.